रूम पार्टनर गेला, डिपॉझिट अडकलं

ॲडमिशनचा सीझन सुरू झाला की या पानावर सासू-सून, करिअर वगैरे सगळं मागे पडतं आणि रूम, डिपॉझिट, मालक, मेस एवढंच उरतं. यावेळी तेच घेतेय. पत्रं थोडी छाटलीत, नावं काढलीत, कॉलेजांची पण.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे, कॉलेज नाशिकला त्र्यंबक रोडला. आम्ही चौघांनी मिळून अशोकनगरला टू बीएचके घेतला, भाडं १४ हजार, डिपॉझिट ४० हजार, प्रत्येकी १० काढले. ॲग्रीमेंट माझ्या एकट्याच्या नावावर झालं कारण बाकीचे तेव्हा गावाला होते आणि एजंट म्हणाला एकाचं नाव बास आहे. आता येवल्याचा जो आहे त्याला पुण्यात इंटर्नशिप लागली, तो सामान घेऊन गेला पण, आणि रोज मेसेज टाकतो माझे १० हजार दे. मालक काका म्हणतात मी तुला ओळखतो, मला ५ तारखेला १४ हजार पाहिजेत, तुम्ही तिघं राहा नाहीतर दोघं. चांदवडचा म्हणतो त्याच्या डिपॉझिटमधून कापून घे, पण डिपॉझिट तर काकांकडे, मी कुठून कापू? सगळे मित्र आहेत, भांडण नको आहे, पण माझ्याकडे एवढे पैसे नाहीत.

उत्तर : आधी कडू ते सांगते. काकांचं बरोबर आहे. कागदावर तू एकटा, म्हणजे त्यांच्या हिशोबात बाकीचे तिघं तुझ्याकडे राहायला आलेली पोरं. पूर्ण भाडं, फुटलेलं कमोड, सोसायटीच्या चेअरमनची तक्रार, सगळं तुझ्या नावावर. एजंट 'एकाचं नाव बास' म्हणतो कारण एकाचं आधार, एकाचा थम, काम लवकर उरकतं, आणि कमिशन तेवढंच मिळतं. चौघांची नावं टाकायला त्याला फक्त अर्धा तास जास्त लागला असता.

आता येवल्याच्याचं. त्याचे १० हजार त्याचेच आहेत, ते तू खाल्लेले नाहीस हे त्यालाही माहितीये, पण ते मिळणार कुठून हे त्याला कोणी नीट सांगितलेलं दिसत नाही. नाशकात काय, पुण्यात काय, पोरांच्या फ्लॅटमध्ये डिपॉझिट मालकाकडून परत येतं ते फक्त शेवटी, फ्लॅट खाली करताना. मधे जो जातो त्याला त्याचे पैसे देतो नवीन येणारा. नव्याचे १० जुन्याच्या खिशात, काकांकडचे ४० तसेच. त्यामुळे त्याला 'देतो रे, बघतो' असं अजिबात टाइप करू नकोस, त्यातनं अर्थ निघतो की पैसे तुझ्याकडे आहेत. सरळ लिही : 'तुझ्या जागी माणूस आला की तो तुला डायरेक्ट १० हजार पाठवेल, तोपर्यंत एक महिन्याचं तुझ्या वाट्याचं साडेतीन हजार भाडं तुला भरावं लागेल, तू न सांगता गेलास म्हणून. माणूस तू पण शोध.' शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. पुण्याला बसून पैसे मागायला सोपं असतं, ज्युनिअरच्या ग्रुपवर 'एक बेड खाली आहे' टाकायला पण काय जड नाही.

एक महिनाच का? कारण तुमच्यात काही ठरलेलं नव्हतं, म्हणून जे सगळीकडे चालतं ते धर. त्याच्यापुढे पण माणूस नाही मिळाला तर? मग माझ्या मते साडेतीन हजाराचे तुम्ही तिघांनी आपसात वाटे करा, माणशी अकराशे-बाराशे येतात, आणि जेवढे महिने भराल तेवढी रक्कम त्याच्या १० हजारातनं नंतर वळती होईल का हे त्याला आत्ताच विचारून घ्या. तो नाही म्हणेल. पण विचारलेलं असलं की निदान एप्रिलमध्ये नवीन भांडण निघत नाही. चांदवडच्याला एवढंच सांग की रिकामी खाट चौथ्याची असली तरी हॉल, किचन, बाथरूम आता तुम्हा तिघांना मोकळं मिळतंय, त्याचे थोडे पैसे जाणारच.

नवीन माणूस आणायच्या आधी काकांना विचारायचं, आणल्यावर नाही. ॲग्रीमेंट काढून बघ, दुसऱ्या कोणाला ठेवायचं नाही अशी अट बहुतेक असतेच, आणि भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात देणं ही काकांची जबाबदारी असते, त्यांना त्या पोराचं आधार आणि फोटो लागणारच. व्हॉट्सॲपवर का होईना त्यांचा 'चालेल' घे. जमलं तर याच निमित्ताने चौघांच्या नावाचं नवीन ॲग्रीमेंट करा, चारशे-पाचशे स्टॅम्प आणि हजार रजिस्ट्रेशन, चौघांत काहीच नाही.

आणि आता हे सगळ्यांनी वाचा, फक्त याने नाही. मला वर्षभर रूमच्या ज्या तक्रारी येतात त्यातल्या मालकाच्या कमी आणि पार्टनरच्या जास्त. मालकाशी सोळा अटींचा करार होतो आणि ज्याच्यासोबत एका बाथरूममध्ये वर्ष काढायचं त्याच्याशी काहीच ठरत नाही, कारण 'अरे आपलाच आहे'. आपलाच आहे म्हणूनच लिहा. वहीचं एक पान पुरतं. मी काय लिहीन ते देते :

'डिपॉझिट ४०,०००. चौघांचे प्रत्येकी १०,०००, अमुक तारखेला काकांना ऑनलाइन दिले. ज्याला जायचं त्याने एक महिना आधी सांगायचं आणि आपल्या जागी माणूस द्यायचा. माणूस नाही मिळाला तर त्याने अजून एक महिन्याचा वाटा द्यायचा, मग सुटला. फ्रिज सटाण्याच्या पोराचा, सिलेंडर आणि शेगडी चौघांची मिळून, सोडताना विकून वाटून घ्यायचे. पेंटिंगचे पैसे काकांनी कापले तर चौघांच्यात, पण ज्याने काही फोडलंय ते त्याचं. रात्री मुक्कामाला पाहुणा आणायचा तर आधी ग्रुपवर सांगायचं.'

खाली चार सह्या, तारीख, फोटो काढून ग्रुपवर पिन. कोर्टात घेऊन जायला नाही हे, फेब्रुवारीत 'असं ठरलंच नव्हतं' म्हणायला जागा राहू नये म्हणून. ज्याला सही करायची लाज वाटते, किंवा ज्याला राग येतो, त्याच्यासोबत रूम घ्यायची का हे तिथल्या तिथे कळतं.

अजून एक, रूम ताब्यात घेताना व्हिडिओ काढा. म्हणजे नुसता हॉल फिरवून 'गाईज आपली रूम' असा नाही. लाइटचा मीटर, आकडे दिसतील असा. किचन ओट्याखालची ओल. बाथरूमची तडकलेली फरशी, गिझर चालू करून दाखवा, खिडकीची जाळी, दाराच्या लॅचचा आवाज. आणि तो त्याच दिवशी मालकाला पाठवा, 'काका, आज ताबा घेतला, स्थिती अशी आहे.' त्यांनी नुसता अंगठा पाठवला तरी अकरा महिन्यांनी ओल तुम्ही आणली असं कोणी म्हणू शकत नाही.

प्रश्न : मालक म्हणतात स्टॅम्प पेपरवर नोटरी करू, रजिस्टर कशाला, उगाच खर्च. चालेल का?

उत्तर : नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हेच भाड्याचं ॲग्रीमेंट, लेखी आणि रजिस्टर असणं सक्तीचं आहे, आणि ते करून घेणं मालकाची जबाबदारी आहे. नाही केलं तर शिक्षा मालकाला, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ११ महिन्यांचं आहे म्हणून रजिस्टर लागत नाही हे जे सगळे सांगतात ते महाराष्ट्रात खोटं आहे. वाद झाला आणि करार रजिस्टर नसेल तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही, म्हणजे खरं तर मालकाचंच नुकसान आहे. त्यांना हे गोडीत सांगा, भांडून नको.

खर्च किती? स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवायचं. वरच्याच पोराचा हिशोब घ्या, १४ हजार गुणिले ११ म्हणजे १,५४,०००, डिपॉझिटचं व्याज साधारण ३,६६७, त्याचा पाव टक्का ३९४ रुपये. रजिस्ट्रेशन फी महापालिका हद्दीत १,०००, ग्रामपंचायत हद्दीत ५००. ऑनलाइन होतं, माणूस मशीन घेऊन घरी येतो, थम घेतो, त्याचे पैसे वेगळे. भाडं वीस हजारांच्या आत असताना कोणी चार-पाच हजार 'ॲग्रीमेंट चार्ज' सांगत असेल तर त्याला म्हणा पावती दाखव.

प्रश्न : मी सुरगाण्याहून लिहितेय. मुलीला नर्सिंगला नंबर लागला, आरोग्य विद्यापीठाचं आहे. ती म्हणते विद्यापीठाजवळ म्हसरूळला मैत्रिणींसोबत फ्लॅट घेते. तिचे वडील म्हणतात होस्टेलच. मला काही सुचत नाही, एकटी मुलगी, आम्ही इतक्या लांब.

उत्तर : फ्लॅट की होस्टेल हे नंतर. आधी मुलीचं ॲडमिशनचं पत्र काढा आणि कॉलेज कुठे आहे ते बघा. नाशकात 'विद्यापीठाजवळ' हा शब्द फार फसवा आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला, दिंडोरी रोडला आहे हे खरं, पण ते राज्यभरातल्या मेडिकल, आयुर्वेद, नर्सिंग कॉलेजांना मान्यता देणारं आणि परीक्षा घेणारं विद्यापीठ. तुमच्या मुलीचे लेक्चर त्या बिल्डिंगमध्ये असतीलच असं नाही, बहुतेक नसतीलच. तसंच मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाच्या बाजूला, तिथे तर अभ्यासक्रमच घरी बसून करायचे. आर्ट्स, कॉमर्स, सायन्सची जुनी कॉलेजं कॉलेज रोड-गंगापूर रोडला, इंजिनिअरिंगवाले त्र्यंबक रोडला नाहीतर पंचवटीत अमृतधामकडे. कॉलेज पाथर्डी फाट्याला आणि रूम म्हसरूळला असं झालं तर पोरगी रोज अख्खं शहर ओलांडणार, त्यात नर्सिंगला हॉस्पिटलच्या ड्युट्या असतात, त्या कुठल्या हॉस्पिटलला हे पण कॉलेजात विचारून घ्या. सिटीलिंक बस आहे, विद्यार्थ्यांचा पास निघतो, पण पहाटेच्या ड्युटीला बसच्या वेळा बघितल्याशिवाय रूम ठरवू नका.

आता तिच्या वडिलांचं. मी पहिल्या वर्षी होस्टेलच्या बाजूने आहे, पण 'मुलगी बिघडेल' म्हणून नाही. पहिल्या वर्षी कोणासोबत राहायचं हेच माहिती नसतं, मैत्रिणी म्हणजे ॲडमिशनच्या लाइनमध्ये ओळख झालेल्या. होस्टेलला सहा महिने काढले की कोण रात्री अडीचला फोनवर बोलतं, कोण भांडी तशीच ठेवतं, कोण पैसे उधार घेऊन विसरतं, सगळं फुकटात कळतं, मग सेकंड इयरला फ्लॅट खुशाल घ्या. होस्टेलला जागाच नसेल तर पीजी बघा, मुलींच्या पीजी कॉलेज रोडच्या गल्ल्यांमध्ये भरपूर आहेत, पण तिथे जेवण नाष्ट्यासकट की नुसता रात्रीचा डबा, रविवारी संध्याकाळी मेस बंद असते का, मधे सोडलं तर ॲडव्हान्स परत देतात का, हे तोंडी नाही, पावतीवर.

आणि फ्लॅटच ठरला तर तुम्ही एकदा सोबत या. दिवसा नका येऊ, संध्याकाळी सातनंतर या. बसस्टॉपपासून बिल्डिंगपर्यंत चालत जा, रस्त्यावर दिवे किती, दुकानं किती वाजेपर्यंत उघडी, बिल्डिंगमध्ये कुटुंबं राहतात की सगळे फ्लॅट अर्धे रिकामे. मालकाला विचारा दुसरी चावी कोणाकडे असते, आणि उत्तर काही का असेना, कडी-कोयंडा आतून भक्कम आहे ना ते स्वतः लावून बघा. लॅच बदलायची परवानगी मागा, बदललेलं लॅच सोडताना तिथेच ठेवू म्हणावं, कोणी नाही म्हणत नाही. नळाला पाणी किती वाजता येतं हे मालकाला नाही, समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंना विचारा. शहराच्या कडेला नवीन बिल्डिंग स्वस्त मिळतात त्या बऱ्याचदा बोअरवेल नाहीतर टँकरवर असतात, एप्रिल-मे मध्ये तिथलं भाडं स्वस्त वाटत नाही.

रूम न बघता टोकन पाठवू नका. फोटो सुंदर, भाडं कमी, मालक बाहेरगावी, 'आत्ता पाच हजार टाका नाहीतर दुसऱ्याला देतो', हे ऐकलं की फोन ठेवा.

प्रश्न : आमच्यात एक जण कूलर लावून झोपतो आणि दिवसभर गेमिंगचा पीसी चालू. लाइटबिल मात्र चौघांत समान. बोललं की म्हणतो तू पण लाव की.

उत्तर : प्लगमध्ये लावायचा छोटा वॅटमीटर ऑनलाइन मिळतो, त्याच्या बोर्डाला लावा, महिन्याला त्याने किती युनिट खाल्ले ते दिसतं. पण दर कुठला धरायचा यावर पुन्हा भांडाल म्हणून आधीच सांगते. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी वाढतो, १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० चा त्याच्या वरचा, पुढे अजून जास्त. चौघांचं साधं वापरणं पहिल्या टप्प्याच्या आसपास असेल तर पुढचे महाग युनिट त्याच्या कूलर-पीसीचे आहेत, त्यामुळे त्याचे युनिट सरासरी दराने नाही, वरच्या दराने लावा. ऐकत नसेल तर हिवाळ्याचं एक बिल आणि मे महिन्याचं एक बिल शेजारी ठेवून दाखवा. आणि रूम घेतानाच बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक टाकून थकबाकी आहे का बघत जा, आधीच्या पोरांचं बिल तुमच्या गळ्यात पडतं ते असंच.

प्रश्न : मी निवृत्त आहे, इंदिरानगरला माझा वरचा मजला विद्यार्थ्यांना देतो. पोरं चांगली आहेत पण रात्री दोन-दोनपर्यंत स्पीकर. सांगून थकलो. दोन दिवस पाणी बंद केलं तर सरळ येतील असं मित्र म्हणतात.

उत्तर : काका, मित्रांचं ऐकू नका. पाणी बंद केलंत की चूक तुमची झाली, पोरं पोलिसांकडे गेली तर स्पीकरचा विषय राहील बाजूला. रात्री १० ते सकाळी ६ मोठा आवाज करायचा नाही हा नियम सगळ्यांनाच आहे, तेवढा एक मेसेज चौघांना आणि, हे खरं औषध, चौघांच्या घरच्यांना पाठवा. ॲग्रीमेंट करताना पालकांचे नंबर घेतले असतील ना? नसतील तर पुढच्या वेळी घ्या. तरी नाही ऐकलं तर करारातल्या अटीप्रमाणे एक महिन्याची लेखी नोटीस. फक्त परीक्षेच्या तोंडावर देऊ नका ही माझी विनंती.

यावरून आठवलं, पोरांनो, तुम्ही जुलैत ११ महिन्यांचं करता तेव्हा ते मे अखेर संपतं आणि परीक्षा तर जूनपर्यंत लांबतात. मुदत संपल्यावर मालकाच्या मर्जीशिवाय राहिलात तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट भाडं लागू शकतं. करतानाच बारा महिन्यांचं करा किंवा एप्रिलमध्येच वाढवून मागा, लेखी.

प्रश्न : आमचा पंचवटीतला मालक म्हणतोय २०२७ च्या कुंभमेळ्याला दोन महिने रूम खाली करून द्या, भाविकांना देणार, नंतर परत या. असं सांगता येतं का?

उत्तर : तुमचा करार ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये चालू असणार का, आणि त्यात मालकाला मधेच नोटीस देता येते का, यावर सगळं आहे. बहुतेक छापील करारात दोघांनाही एक महिन्याची नोटीस देता येते, म्हणजे त्याला मार्ग आहे. म्हणून त्या वर्षीचा करार करताना पूर्ण मुदतीचा लॉक-इन, म्हणजे मुदतीआधी करार मोडता येणार नाही ही अट, मालकालाही लागू असं लिहून मागा. मागताना तुम्हालाही तो लागू होतो हे लक्षात ठेवा, मधे सोडून जाता येणार नाही. मालक तयारच नसेल तर सरळ दुसरीकडे बघा, आणि आत्तापासून बघा, कारण तुमच्यासारखे बरेच जण तेव्हा निघतील. तसंही पर्वणीच्या दिवशी रामकुंडाच्या आसपास गाड्या बंद असतात, कॉलेजला जायचे वांधेच.

तो म्हणेल सामान एका खोलीत कुलूप लावून ठेवा. फार तर खाट-गादी ठेवा. लॅपटॉप, मार्कशीट आणि सिलेंडर घेऊन निघा.